राजापासून चेकबुकापर्यंत

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात मी दोन कविता वाचल्या. आयोजकांनी शाल, श्रीफळ आणि मानधनाचा चेक दिला. रक्कम पाचशे एक रुपये. दुसऱ्या दिवशी चेक घेऊन मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी तो उलटसुलट करून पाहिला, माझ्या पासबुकाकडे पाहिले आणि परत सरकवला. "नाव जुळत नाही," ते म्हणाले. खरेच जुळत नव्हते. माझे नाव तीन शब्दांचे आहे. आयोजकांनी त्यातला एक गाळला होता आणि दुसऱ्याचे स्पेलिंग बदलले होते.

"घेतानाच चेक नीट चेक करून घ्यायचा ना!" ते गृहस्थ म्हणाले. मग जरा हसून पुढे म्हणाले, "तुमच्यात नावंच अशी अवघड असतात."

मी काही बोललो नाही. माझे लक्ष त्यांच्या शर्टाकडे गेले होते. निळ्या-पांढऱ्या चेक्सचा शर्ट होता. चेक चेक करायला सांगणारा माणूस चेक्सचा शर्ट घालून माझ्यासमोर बसला होता. कागद, तपासणी आणि चौकडी या तीन वेगळ्या गोष्टी, आणि शब्द एकच. हा काय प्रकार असावा, असा विचार करतच मी घरी आलो.

मी भाषाशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला साधा माणूस आहे. पण कविता लिहिणाऱ्याला एक खोड असते. वाटेत भेटलेल्या शब्दाला तो गाव आणि आडनाव विचारत बसतो. या शब्दाचे गाव शोधता शोधता मी जिथे पोहोचलो, ते ठिकाण माझ्या ओळखीचे निघाले. वडिलांच्या दुकानाची पायरीच ती!

माझे वडील शिंपी होते. सांगली जिल्ह्यातल्या एका लहान गावात बाजारपेठेच्या टोकाला त्यांचे दुकान होते. संध्याकाळी मशीन थांबले की शाळेतले एक निवृत्त गुरुजी येत आणि दोघे पायरीवर बुद्धिबळाचा डाव मांडत. वडील त्यांना गुरुजी म्हणत. शिंप्यालाही आपल्याकडे मास्तर म्हणतात, म्हणून गुरुजी वडिलांना मास्तर म्हणत. "मास्तर, शह आहे बरं का," असे गुरुजी म्हणाले की वडील राजा हलवत आणि म्हणत, "काढला, गुरुजी." खेळ देशी पद्धतीचा. प्याद्याने मात केली तर तिचा मान मोठा. हरणारा जिंकणाऱ्याला चहा पाजायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडला जायचा.

गुरुजींच्या तोंडचा तो 'शह' आणि बँकेतला तो 'चेक' हा मुळात एकच शब्द आहे, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर दोघांनाही हसू आले असते. पण गोष्ट खरी आहे.

बुद्धिबळाचा उगम आपल्याकडचा मानतात. संस्कृतात त्याला चतुरंग म्हणत. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त त्याचा उल्लेख येतो. हा खेळ इराणात गेला तेव्हा चतुरंगचे चतरंग झाले. फिरदौसीने १०१० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या 'शाहनाम्या'त याची एक सुरस कथा आहे. हिंदच्या राजाने नौशेरवान बादशहाच्या दरबारी हा पट पाठवला आणि बुझुर्गमिहर नावाच्या वजिराने त्याचे कोडे सोडवले, अशी ती कथा. कथा ही कथाच. तरी खेळ कुठून कुठे गेला, याची आठवण तिच्यात जपलेली आहे.

इराणी माणसाने पटावरच्या राजाला आपल्या भाषेत 'शाह' म्हटले. राजावर हल्ला झाला की समोरच्याला सावध करण्यासाठी 'शाह!' असे म्हणायची रीत पडली. म्हणजे, राजाकडे बघा! पुढे सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले आणि या खेळाने अरबांना जिंकले. अरबीत च हा उच्चार नाही, म्हणून चतरंगचे शतरंज झाले. शाह मात्र तसाच राहिला. बगदादच्या खलिफांच्या दरबारी शतरंजचे उस्ताद असत. दहाव्या शतकातला अस्-सूली हा त्यांतला सर्वांत नामवंत. तो साहित्याचाही मोठा जाणकार होता, हे मला कवी म्हणून सांगावेसे वाटते.

अरबांबरोबर खेळ स्पेनमध्ये आणि पुढे सगळ्या युरोपात गेला. लॅटिन लिहिणाऱ्यांनी 'शाह'चे 'स्काकुस' केले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'एशेक' झाले. फ्रेंच बोलणारे नॉर्मन १०६६ मध्ये इंग्लंडचे राज्यकर्ते झाले आणि त्यांच्या भाषेबरोबर हा शब्दही इंग्रजीत शिरला. पुढचा 'ए' गळाला आणि उरले 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' हे खेळाचे नाव तयार झाले. म्हणजे चेस म्हणजे 'राजे', आणि चेक म्हणजे 'राजा'. जर्मन माणूस आजही या खेळाला 'शाख' म्हणतो.

'चेकमेट'चेही तसेच. ते 'शाह मात'. अरबीत 'मात' म्हणजे मेला, म्हणून 'राजा मेला' असा अर्थ सर्रास सांगितला जातो. परंतु फारसीत 'मात' म्हणजे हतबल, कुंठित झालेला. जाणकारांना हा दुसरा अर्थ अधिक पटतो. खेळ जाणणाऱ्यालाही तोच पटेल, कारण बुद्धिबळात राजाला कधी मारत नाहीत. त्याला पळायला जागा उरली नाही की डाव संपतो. आपण मराठीत 'संकटावर मात केली' म्हणतो, तीच ही मात. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत जे शह-काटशह रंगतात, तोही हाच शह. खेळ हिंदुस्थानातून गेला आणि परतताना इराणी शब्द घेऊन आला. आपण त्या शब्दांना घरात घेतले आणि ते बाहेरचे होते हे विसरूनही गेलो.

आता शर्टावरच्या चौकड्यांकडे येऊ. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये 'एशेकिए' म्हणत. त्याचे इंग्रजीत 'चेकर' झाले आणि पटासारख्या घरांच्या नक्षीलाही चेकर म्हणू लागले. त्याचा लघुरूपातला 'चेक' कापडावर आला तो सुमारे १४०० च्या आसपास. कापडवाल्याच्या ठाणावर जी चौकडी असते, ती अशी बुद्धिबळाच्या पटावरून उतरलेली आहे.

पण त्याआधीच हा पट एका भलत्याच ठिकाणी जाऊन बसला होता. तो इंग्लंडच्या राजाच्या तिजोरीत! बाराव्या शतकात तिथल्या सरकारी जमाखर्चाचे काम एका मोठ्या टेबलावर चाले. हे टेबल सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असे आणि त्यावर रेघांची घरे पाडलेले काळे कापड अंथरत. एका रांगेत पेन्स, पुढच्या रांगेत शिलिंग, मग पौंड, मग विसा, शंभर, हजार. त्या घरांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करायची. प्रत्येक परगण्याचा शेरीफ वर्षातून दोनदा येई आणि वसुलीचा हिशेब या कापडापुढे उभा राहून देई. या खात्याचे नावच पटावरून 'एक्स्चेकर' पडले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर' म्हणवून घेतो.

राजा दुसरा हेन्री याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या खात्याच्या कारभारावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यात शिष्य विचारतो की, या जागेला असे नाव का? गुरू दोन कारणे देतो. एक तर हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. आणि दुसरे म्हणजे इथेही पटासारखीच झुंज चालते, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला शेरीफ. ज्याने कधी हिशेबनिसापुढे उभे राहून पावत्या दाखवल्या असतील, त्याला ही उपमा लगेच पटेल.

या टेबलाची गरज का पडली, याचे कारणही गमतीचे आहे. त्या काळी इंग्लंडच्या सरकारी हिशेबात रोमन आकडे वापरत. त्यांत शून्य नाही आणि कागदावर बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे. शून्य आणि स्थानमूल्याची रीत आपल्याकडून अरबांमार्फत युरोपात पोहोचत होती, पण सरकारी कारभारात ती अजून रुळली नव्हती. इटलीतल्या फिबोनाचीचा या आकड्यांवरचा प्रसिद्ध ग्रंथ १२०२ चा. म्हणजे हिंदुस्थानातून निघालेल्या दोन गोष्टींपैकी खेळ आधी पोहोचला आणि शून्य मागे राहिले. मग शून्याचे काम खेळाच्या पटासारख्या कापडाने भागवले!

आता बँकेतला चेक. अमुक माणसाला माझ्या खात्यातून इतके पैसे द्यावेत, असे सांगणारा कागद इंग्लंडात सतराव्या शतकात वापरात होता. तिथल्या जपून ठेवलेल्या सर्वांत जुन्या कागदांपैकी एक १६५९ सालचा, ४०० पौंडांचा आहे. पण त्या वेळी त्याला चेक म्हणत नसत. अशा कागदाची लबाडी पकडायला त्याचा एक भाग स्वतःकडे ठेवत. आपण ज्याला चेकबुकातले अर्धुक म्हणतो ते. ताडून पाहायच्या या तुकड्याला अठराव्या शतकाच्या आरंभी 'चेक' हे नाव मिळाले. हळूहळू ते नाव अर्धुकावरून मुख्य कागदावर सरकले. ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या धर्तीवर त्याचे स्पेलिंग लांबवले, अमेरिकनांनी आखूडच ठेवले.

इथे मला एका मोहाची कबुली द्यायची आहे. अरबीत 'सक्क' असा एक शब्द आहे. अर्थ, पैसे देण्याचा लेखी दस्तऐवज. इब्न हौकल नावाच्या दहाव्या शतकातल्या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाजवळच्या औदगुश्त गावी ४२,००० दिनारांचा असा एक कागद पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. कर्ज मोरोक्कोतल्या सिजिलमासाच्या माणसाचे, मध्ये सगळे वाळवंट आणि व्यवहार एका कागदावर. 'चेक' हा शब्द याच सक्कवरून आला, असे सांगणारे लेख आणि भाषणे पुष्कळ आहेत. मीही पूर्वी एका व्याख्यानात तसे ठोकून दिले होते. टाळ्या मिळाल्या. मलाही बरे वाटले. ज्याला आपले नाव सतत समजावून सांगावे लागते, त्याला असा एखादा पुरावा हाती लागला की छाती फुगते.

नंतर कोश उघडले. प्रमाण मानले जाणारे इंग्रजी कोश बँकेतला चेक बुद्धिबळातल्या 'चेक'वरूनच आणतात, सक्कवरून नव्हे. व्यवहार सारखा होता, उच्चारही जवळचा, पण नाते तेवढ्याने सिद्ध होत नाही. आपल्याकडेच पाहा ना. 'शाहीर' या शब्दात 'शाह' दिसतो म्हणून तो राजाचा कोणी ठरत नाही. तो अरबी 'शायर'वरून आला, म्हणजे कवी. तेव्हा ते व्याख्यान माझे चुकले होते. आज ते दुरुस्त करतो.

आणि गंमत अशी की खरी हकीकत माझ्या फुशारकीपेक्षा मोठी निघाली. 'शाह' हा तरी मुळात कोण? इराणच्या दारियस राजाने अडीच हजार वर्षांपूर्वी बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरून घेतला, त्यात तो स्वतःला 'ख्शायथिय' म्हणवतो. त्याच शब्दाचा झिजत झिजत शाह झाला. हा ज्या धातूपासून निघाला, त्याच्याच कुळातला आपला संस्कृत 'क्षत्र' आणि त्यावरून 'क्षत्रिय'. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखांत नहपान नावाच्या 'क्षत्रपा'चा उल्लेख आहे. ती पदवीही त्याच इराणी घराण्यातली. आपण ज्याला शहर म्हणतो तेही त्याच मुळाचे. म्हणजे शाह आणि क्षत्रिय हे एका आजोबांचे पणतू. एक इराणात वाढला, एक इथे. वाटण्या झाल्या आणि पुढच्या पिढ्यांना ओळख राहिली नाही.

शब्दांचे शुद्धीकरण करावे, ही ओढ आपल्याकडे जुनी आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमारास राज्यव्यवहारकोशाचे काम झाले. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू. नवे राज्य आपल्या भाषेत उभे राहावे, ही त्यामागची इच्छा समजण्यासारखी आहे. विसाव्या शतकात माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला, मराठीत गझल रुजवली आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कैवारी झाले. एकाच माणसाच्या मनात दोन्ही ओढी असू शकतात, हे मला त्यांच्याकडे पाहून कळते. मी स्वतः 'धनादेश' हा शब्द लिहितो. चांगला शब्द आहे. पण बँकेत कोणी 'माझा धनादेश वटला का' असे विचारताना मी अजून ऐकलेले नाही.

शेवटी या शब्दाचा जो अर्थ मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांगतो. पटावर राजाला शह मिळाला की बाकीच्या सगळ्या खेळ्या थांबतात. आधी राजाचे बघावे लागते. या थांबण्यावरून इंग्रजीत 'चेक'ला रोखणे, आवरणे हा अर्थ चौदाव्या शतकातच आला. रोखण्यावरून पुढे ताबा ठेवणे आणि त्यानंतर, सतराव्या शतकाच्या अखेरीस, ताडून पाहणे. आपल्या रस्त्यावरचा चेकनाका, रेल्वेतले तिकिटाचे चेकिंग, दवाखान्यातले चेकअप ही सगळी त्याचीच पिलावळ. आणि राज्यशास्त्रातही तो जाऊन बसला. सत्ता एका हाती एकवटू नये म्हणून कायदेमंडळ, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांवर अंकुश ठेवायचा. या व्यवस्थेला इंग्रजीत 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात. अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना तिचे ठळक उदाहरण आहे आणि आपल्या घटनेतही ते तत्त्व आहे.

जरा विचार करून पाहा. जो शब्द मुळात 'राजा' होता, त्याचाच अर्थ फिरत फिरत 'राजाला आवर घालणारा' असा झाला. अडीच हजार वर्षांपूर्वी कड्यावर दिमाखाने कोरलेली पदवी आज तुम्ही-आम्ही सत्तेला प्रश्न विचारण्यासाठी वापरतो. हे कोणत्याही कोशकाराने ठरवून केलेले नाही. शिंपी, कारकून, सौदागर, खेळाडू अशा साध्या माणसांच्या तोंडी तो घोळला आणि त्यांनी त्याला कामाला लावले.

मात्र तपासणीलाही तपासावे लागते. नाक्यावर सगळ्या गाड्या थांबवल्या तर ते चेकिंग. एकाच प्रकारचे नाव दिसले की थांबवायचे, हे चेकिंग नव्हे. बँकेतल्या त्या गृहस्थांनी चेक परत केला, त्यात त्यांचे काही चुकले नव्हते. नाव जुळत नसेल तर पैसे देऊ नयेत, हा नियम माझ्याच भल्याचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून ५०,००० रुपयांवरच्या चेकचा तपशील खातेदाराकडून आधीच मागवून ताडून पाहण्याची सोयही रिझर्व्ह बँकेने केली आहे. मला लागले ते पुढचे वाक्य. 'तुमच्यात' हा एकच शब्द. माझी मराठी, माझी कविता, सांगलीकडची माझी बोली, सगळे त्या शब्दाच्या पलीकडे राहून गेले.

वडील चौकड्यांचे कापड शिवायला घेत तेव्हा त्यांना दुप्पट वेळ लागे. खिसा लावताना, बाही जोडताना दोन्हीकडची चौकडी जुळली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक शर्ट परत आणते. मी घाई केली की ते म्हणत, "अरे, एकच बाजू ओढून नाही जुळत. दोन्ही बाजू थोड्या थोड्या सरकवाव्या लागतात." ते हे शर्टाविषयीच बोलत होते. मी त्याचा जास्त अर्थ काढत नाही.

तो पाचशे एक रुपयांचा चेक मी बदलून घेतला नाही. आता त्याची मुदत कधीच संपली आहे. वडिलांच्या बुद्धिबळाच्या डबीत घडी घालून ठेवला आहे. त्या डबीतल्या पांढऱ्या सोंगट्यांचा राजा फार पूर्वी हरवला. वडिलांनी त्याच्या जागी दोऱ्याचे रिकामे रीळ उभे केले होते आणि गुरुजी त्या रिळाला पुढे कित्येक वर्षे शह देत राहिले. 'मास्तर, शह आहे बरं का.' ते रीळही अजून डबीत आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)